मेलबर्नच्या पूर्व टोकाला चांगले थाई जेवण कुठे आणि कसे शोधावे

मेलबर्नच्या पूर्वेला रिंगवूड स्थानक ओलांडले की लोकलचे दोन फाटे होतात. एक डँडेनाँगच्या डोंगरांत बेलग्रेव्हला जातो आणि दुसरा क्रॉयडन, मूरूलबार्क करत लिलीडेलला संपतो. शहराच्या मध्यातल्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाहून लिलीडेलला यायला साधारण तास लागतो आणि त्या तासाच्या शेवटी जी वस्ती लागते ती बागांची, निवांत आणि लवकर निजणारी आहे. दुकाने संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात आणि सातनंतर पदपथावर कुत्रा फिरवणाऱ्यांखेरीज फारसे कोणी दिसत नाही. असे असूनही इथल्या जवळजवळ प्रत्येक दुकानांच्या रांगेत केशकर्तनालय, औषधांचे दुकान आणि फिश अँड चिप्स यांच्या जोडीला एखादे थाई रेस्टॉरंट हमखास असते. या भागात राहायला आल्यापासून अशा अनेक ठिकाणी मी जेवलो आहे, आणि माझे स्पष्ट मत असे की शहरातल्या नावाजलेल्या जागांच्या तोडीचे थाई जेवण इथेही मिळते; मात्र ते समोरच्या मेन्यूकार्डावर पहिल्या पानावर नसते, ते मागून घ्यावे लागते.

या लेखात रेस्टॉरंटांची नावे मी मुद्दाम देत नाही. उपनगरांतल्या अशा जागा वरचेवर हात बदलतात. पाटी तीच, मेन्यू तोच, भिंतीवरचा हत्तीही तोच राहतो, पण मूळ मालकीण निघून गेलेली असते आणि तिच्याबरोबर चवही गेलेली असते. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या शिफारशीपेक्षा ओळखण्याच्या खुणा अधिक काळ कामाला येतात, असा माझा अनुभव आहे.

थाई जेवण इतक्या आडबाजूच्या वस्त्यांपर्यंत पोहोचले त्यामागे थाई कुटुंबांची मेहनत आहेच, पण त्यांच्या सरकारचे धोरणही आहे. 2002 च्या सुमारास थायलंड सरकारने परदेशांतील थाई रेस्टॉरंटांची संख्या वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि त्यांच्या वाणिज्य मंत्रालयातर्फे ‘थाई सिलेक्ट’ हे मानचिन्हही दिले जाते. दाराच्या काचेवर ते चिन्ह दिसले तर आनंद मानावा, पण ते नसले म्हणून पाठ फिरवू नये, कारण त्यासाठी रेस्टॉरंटाला स्वतः अर्ज करावा लागतो आणि नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या आठ टेबलांच्या जागेला तेवढी उसंत बहुधा नसते.

मेन्यू वाचण्यापासून सुरुवात करावी. आमच्या भागातल्या बहुतेक मेन्यूंची रचना ठरलेली आहे. आधी एक रस निवडायचा, म्हणजे काजूचा, ऑयस्टर सॉसचा, शेंगदाण्याच्या सॅटे सॉसचा, आल्याचा किंवा लसूण-मिऱ्याचा, आणि मग त्यात चिकन, बीफ, कोळंबी की टोफू ते सांगायचे. अशा गुणाकाराने कागदावर ऐंशी-नव्वद पदार्थ दिसतात, पण आत त्यांच्यामागे पाच-सहा बाटल्या असतात. हे पदार्थ वाईट असतात असे नाही. ते इथल्या जुन्या रहिवाशांच्या सवयीसाठी बनवलेले असतात आणि दुकानाचे भाडे त्यांच्यावरच निघते. आपण मात्र त्या गुणाकारात न बसणाऱ्या ओळी शोधाव्यात. कच्च्या पपईचे सोम तम, खिम्याचे लार्ब, चिकट भात, नारळाच्या दुधाशिवाय केलेली जंगल करी, तांदळाच्या रुंद पट्ट्यांचे पॅड सी इव, शनिवार-रविवारी दुपारी मिळणारे बोट नूडल्स यांपैकी दोन-तीन जरी दिसले, तरी आत असा कोणीतरी स्वयंपाकी आहे ज्याला स्वतःच्या गावचे जेवण करायची हौस आहे, असे समजायला हरकत नाही. गल्ल्याजवळ थाई लिपीत हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असेल तर त्यावर काय आहे ते अवश्य विचारावे. तो कागद बहुधा त्या भागातल्या थाई विद्यार्थ्यांसाठी आणि कामगारांसाठी असतो, पण विचारणाऱ्याला नाही म्हटल्याचे मी कधी पाहिलेले नाही.

गूगल मॅप्सवरच्या ताऱ्यांवर मी फारसा विसंबत नाही. शांत उपनगरात लोक तारे देतात ते वाढणीचा आकार, पार्किंग आणि वाढणाऱ्यांचा गोड स्वभाव पाहून. त्याऐवजी ग्राहकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत. वांग्यांच्या जागी ब्रोकोली, गाजर, ढोबळी मिरची आणि बेबी कॉर्न यांनी भरलेली ग्रीन करी प्रत्येक छायाचित्रात दिसली, तर त्या जागेचा अंदाज येतो. थाई ग्रीन करीत लहान गोल हिरवी-पांढरी वांगी आणि मटारएवढी कडसर वांगी घालतात. ती बॉक्स हिल किंवा स्प्रिंगव्हेलच्या आशियाई बाजारांत मिळतात, आणि एवढ्या लांबून ती कोणी आणत असेल तर बाकीच्या गोष्टींतही तो काटकसर करत नसणार.

ग्रीन करीचाच विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण अनोळखी ठिकाणी मी आधी तीच मागवतो. चांगल्या करीची कृती अशी, की नारळाच्या दुधाचा घट्ट भाग आटवून त्यातले तेल सुटू द्यायचे, त्या तेलात वाटण खरपूस परतायचे आणि मगच पातळ दूध घालायचे. आपल्याकडे वाटण तेल सुटेपर्यंत परतायला सांगतात, तीच ही कसोटी. अनेक डब्यांतल्या नारळाच्या दुधात ते फुटू नये म्हणून पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते कितीही उकळले तरी तेल सोडत नाही; अशा वेळी जाणता स्वयंपाकी थोडे तेल वेगळे घालून वाटण परततो, आणि घाईतला स्वयंपाकी वाटण थेट दुधात कालवून उकळी आणतो. फरक वाडग्यात लगेच दिसतो. पहिल्या प्रकारात पृष्ठभागावर हिरवट तेलाचे लहान ठिपके तरंगतात आणि तोंडात गलंगल (आल्याच्या कुळातला कंद), गवती चहाचे दांडे आणि मॅक्रुट लिंबाचे पान यांची चव एकामागून एक येते. दुसऱ्या प्रकारात एकसंध, फिकट हिरवे, गोडसर सूप मिळते. वाटण घरचे असावे असा माझा आग्रह नाही. बहुतेक ठिकाणी ते ‘मे प्लॉय’ किंवा ‘माएस्री’ यांचे तयार मिळते तेच असते आणि ते उत्तम असते. प्रश्न ते नीट परतले की नाही एवढाच असतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या जागेविषयी. ती लोकलच्या रुळांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका शाळेशेजारच्या दुकानांच्या रांगेत आहे. आत टेबले मोजकीच, प्लॅस्टिकच्या फुलांची सजावट, आणि स्वयंपाकघराला अर्धी खिडकी. स्वयंपाक करणाऱ्या बाई ईशान्य थायलंडच्या, म्हणजे इसान भागातल्या आहेत, आणि म्हणून तिथे सोम तम मागवावे. त्या खिडकीजवळचे टेबल मिळाले तर ते करताना पाहता येते. कच्ची पपई सोलून डाव्या हातात धरतात, सुरीने तिच्यावर उभे, जवळजवळ घाव घातल्यासारखे काप देतात आणि मग वरचा थर तासून काढतात. त्यामुळे किसणीतून येतात तशा एकसारख्या दोऱ्या न पडता जाड-बारीक काड्या मिळतात आणि त्या कुरकुरीत राहतात. उंच मातीच्या खलात आधी लसूण आणि मिरच्या, मग ताडाची साखर, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, सुका जवळा, लिंबू आणि फिश सॉस. पपई शेवटी पडते. लाकडी मुसळ उजव्या हातात आणि मोठा चमचा डाव्या हातात असतो, एक घाव घातला की चमच्याने खालचे वर आणतात, कारण पपईचा चेंदा होता कामा नये, तिला फक्त रस पिता येईल इतपत ठेचायचे असते. थाळी समोर येते तेव्हा तळाशी तो आंबट-तिखट-गोड-खारट रस साचलेला असतो आणि चिकट भाताची गोळी करून ती त्यात बुडवायची असते. इथली पपई क्वीन्सलँडहून येते आणि थंडीत ती कधीकधी मिळत नाही. मिळत नसेल त्या दिवशी बाई तसे सरळ सांगतात आणि गाजराचे सोम तम करू का म्हणून विचारतात. तेही चांगले लागते, पण मला त्यांचा तो प्रामाणिकपणा अधिक मोलाचा वाटतो.

तिथला दुसरा पदार्थ म्हणजे पॅड क्रापाओ. मेन्यूवर त्याचे नाव ‘चिली बेसिल’ असते आणि नुसते तेवढेच मागवले तर कांदा, ढोबळी मिरची आणि फरसबी घातलेले, रसदार चिकनचे काप येतात. त्याऐवजी ‘खिम्याचे, थाई पद्धतीने, वर तळलेले अंडे’ असे सांगावे. मग पोर्कचा किंवा चिकनचा खिमा, ठेचलेली लसूण-मिरची, फिश सॉस आणि पाने, एवढेच कढईत पडते आणि ते मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत होते. या पदार्थाचे खरे पान म्हणजे आपल्या वृंदावनातली तुळस. ती मेलबर्नच्या हवेत हिवाळ्यात तग धरत नाही आणि बाजारातही क्वचितच मिळते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी जांभळ्या दांड्याचे, बडीशेपेच्या वासाचे थाई बेसिल वापरतात. उन्हाळ्यात या बाईंकडे तुळस असते. तुळशीचा तो लवंगेसारखा तिखट वास गरम खिम्यातून वर येतो तेव्हा पदार्थ पूर्ण वेगळा होतो, आणि घरी कुंडीत तुळस लावलेल्या मराठी माणसाला तो वास ओळखायला क्षणही लागत नाही. अंडे पुरेशा तापल्या तेलात तळलेले असते, कडा तपकिरी जाळीदार आणि पिवळे पातळ. ते फोडून भातात मिसळावे. जेवणाच्या आधी टेबलावर चार वाट्यांचा मसाल्यांचा संच मागून घ्यावा. त्यात फिश सॉसमधल्या मिरच्या, सुक्या मिरचीची पूड, साखर आणि मिरचीचा व्हिनेगर असतो, आणि पानातली चव आपल्याला हवी तशी वळवणे हा थाई जेवणाचाच भाग आहे, त्यात स्वयंपाक्याचा अपमान नसतो. शिवाय जो ग्राहक तो संच मागतो त्याच्याशी वाढणारे पुढच्या वेळेपासून वेगळे बोलू लागतात, हे मी नेहमी पाहिले आहे.

या जागेची उणीव एकच. शुक्रवार-शनिवारी रात्री घरपोच ऑर्डरींचा लोंढा आला की बसलेल्यांचे जेवण रेंगाळते. मंगळवार ते गुरुवार जावे. सोमवारी अशा जागा बहुधा बंद असतात.

दुसरी जागा लिलीडेलच्या बाजूची, थोडी मोठी, जिथे आजी-आजोबांचे वाढदिवस साजरे होतात. तिथल्या करी मला सपक वाटल्या, परंतु कढईवरचा माणूस पक्का आहे. त्याचे पॅड सी इव मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन. तांदळाच्या ताज्या रुंद पट्ट्या, चायनीज ब्रोकोलीचे देठ-पाने, अंडे आणि गडद सोया सॉस, इतका साधा मामला. पण कढई पुरेशी तापलेली नसेल तर पट्ट्यांचा गोळा होतो, आणि जास्त हलवले तर त्या तुटतात. इथे प्रत्येक पट्टी सुटी असते आणि तिच्या कडेला करपण्याच्या अलीकडचा तपकिरी डाग असतो. तिथले मासामान बीफही चांगले आहे. दालचिनी, लवंग, वेलची, जिरे आणि धणे भाजून घातलेली ही करी दक्षिण थायलंडच्या मुस्लीम परंपरेशी जोडली जाते, आणि भारतातून आलेल्या, थाई जेवणाशी नवख्या असलेल्या पाहुण्यांना सुरुवातीला हीच द्यावी, कारण फिश सॉसचा वास तिच्यात मसाल्यांमागे राहतो.

निराशा झाली ती हमरस्त्यावरच्या एका जागेने. दर्शनी सजावट सुरेख, दिव्यांची योजना सुरेख, पण पॅड थाई, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, केचपने रंगवलेले होते. हा पदार्थ थायलंडमध्ये फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला, पिबून सोंगख्राम पंतप्रधान असताना, राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याचा सरकारी पातळीवर प्रसार झाला. त्याचा आंबटपणा चिंचेचा, गोडी ताडाच्या साखरेची आणि खारटपणा फिश सॉसचा असतो; सोबत खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे आणि सुका जवळा असावा. चिंचेऐवजी केचप आले की पहिले दोन घास बरे लागतात आणि तिसऱ्या घासाला गोडीने तोंड मिटते. इतरांपेक्षा चार डॉलर जास्त घेणाऱ्या ठिकाणी हे घडावे याचे मला वाईट वाटले. इथे मुख्य पदार्थाची किंमत साधारण 20 ते 25 डॉलरच्या घरात असते, तेव्हा चिंचेचा कोळ परवडत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

घरी मागवायचे की तिथे बसून जेवायचे, यावर माझे मत ठाम आहे. करी, सूप आणि भात यांना प्रवास सोसतो. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात पंधरा मिनिटे वाफेत राहिलेल्या नूडल्सना आणि तळलेल्या माशाला तो सोसत नाही. पॅड सी इवचा तो कढईचा वास गाडी घरी पोहोचेपर्यंत गेलेला असतो. ॲपवरून मागवले तर रेस्टॉरंटाला कमिशनही द्यावे लागते, म्हणून घरी न्यायचे असेल तर सरळ फोन करून स्वतः जाऊन आणावे. आणि शक्य असेल तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ तिथे बसून जेवावे. स्वयंपाक्याला आपला माणूस टेबलावर दिसतो, रिकामे परत आलेले ताट दिसते, आणि पपई चांगली आली आहे हे तो आपणहून सांगतो. व्हिक्टोरियातल्या अशा अनेक ठिकाणी स्वतःची वाइन घेऊन जाता येते, थोडे कॉर्केज (बाटली उघडून देण्याचे शुल्क) द्यावे लागते, त्यामुळे बसून जेवणे फारसे महागही पडत नाही.

तिखटाविषयी एक सूचना. भारतीय चेहरा पाहून ‘इंडियन हॉट की थाई हॉट’ असे विचारतात, आणि अभिमानाने ‘थाई हॉट’ म्हणण्याचा मोह होतो. ताज्या बारीक मिरच्यांचे तिखट आपल्या लाल तिखटापेक्षा वेगळ्या जातीचे असते, ते जिभेच्या टोकाला आणि ओठांना धरते. सोम तम दोन मिरच्यांचे मागवावे आणि पुढच्या वेळी वाढवत न्यावे. लिंबू आणि ताडाच्या साखरेचा तोल कळण्यासाठी जीभ जागी राहायला हवी.

शाकाहारी मंडळींनी मात्र इथे पूर्ण काळजी घ्यायला हवी, आणि पुण्याहून-नागपूरहून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की हा प्रश्न घरोघरी येतो. ‘व्हेजिटेबल’ या सदराखालील पदार्थात भाज्याच असतात, पण रसात फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस बहुधा असतोच. वाढणाऱ्याला नुसते ‘व्हेज’ म्हणून चालत नाही. फिश सॉस नको, ऑयस्टर सॉस नको, कोळंबीची पेस्ट नको, असे तिन्ही स्पष्टपणे सांगावे आणि अंडे चालत नसेल तर तेही. करीत अडचण अधिक आहे, कारण अनेक तयार वाटणांतच कोळंबीची पेस्ट असते आणि ती काढता येत नाही. तेव्हा डब्यावरची यादी पाहून सांगाल का, असे विचारावे. मासामान तर मांसासकट मोठ्या पातेल्यात आधीच शिजवून ठेवलेली असते, तिच्या वाटेला जाऊ नये. पॅड थाईचा रसही बहुधा फिश सॉस घालूनच तयार ठेवतात. त्यामानाने सोया सॉसवर परतलेल्या भाज्या, टोफूचे पॅड सी इव आणि सुका जवळा वगळून आणि फिश सॉसऐवजी मिठावर केलेले सोम तम हे तिन्ही पदार्थ ऑर्डर आल्यावर नव्याने केले जात असल्याने बदलून मिळतात.

याहून उत्तम मार्ग म्हणजे ‘जे’ जेवण होईल का असे विचारणे. थाई लोकांत चिनी परंपरेतून आलेले हे व्रताचे जेवण आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आणि त्याचा नऊ दिवसांचा मुख्य उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात येतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्या आसपासच. त्या दिवसांत दारावर लाल अक्षरांची पिवळी झेंडी दिसली तर आत त्याच नियमांनी स्वयंपाक चालू असतो. मी वर वर्णन केलेल्या इसानच्या बाई एरवीही आदल्या दिवशी फोन केला तर असे जेवण करून देतात. आमच्याकडच्या कांदा-लसूण न खाणाऱ्या ज्येष्ठांसाठी त्यांनी टोफू, मशरूम आणि गवती चहाचे नितळ तोम यम (आंबट-तिखट सूप) स्वतंत्र भांड्यात केले होते, आणि त्यासोबत वाढलेल्या मसाल्यांच्या संचातली फिश सॉसची वाटी न सांगता काढून तिथे सोया सॉसमधल्या मिरच्या ठेवल्या होत्या.